देवाची खुशी

चोडणला आम्ही राहायला आलो ते 1994 च्या पावसाळ्यात. यजमानांची बदली पणजीच्या शाखेत झाली होती, पणजीत परवडेल असं घर मिळेना, म्हणून मांडवीच्या पलीकडे, या बेटावर. मी नगरची. आमच्याकडे नदी म्हणजे सीना, आणि सीना म्हणजे वर्षातले बरेचसे महिने वाळू नि बाभळी. इथे दारातून दिसेल तिकडे पाणी. रोज सकाळी फेरीबोटीने रायबंदरला उतरायचं, तिथून बसने पणजीतल्या हॉस्पिटलात ड्युटीवर जायचं, हे अंगवळणी पडायला मला वर्ष लागलं.

त्या पहिल्याच पावसात शेजारच्या आंटींचे यजमान गेले. तारवटी होते. उभा जन्म बोटीवर काढला, कायमचे घरी आले आणि सहा महिन्यांत गेले. मी भेटायला गेले तेव्हा आंटी पायरीवर बसल्या होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, "देवाची खुशी, बाय."

मला ते फार लागलं. नवरा गेला आणि ही बाई म्हणते देवाला खुशी झाली! आम्हीही ख्रिस्तीच, पण आमच्या मराठी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत, "प्रभूची इच्छा" म्हणतात. तेही मला प्रेताशेजारी ऐकवत नाही, पण निदान त्यात आनंद नसतो. घरी येऊन यजमानांना म्हटलं, यांचा देव कसला आहे?

उत्तर पुढच्या वर्षी मिळालं, वाड्यावरच्या खुरसापाशी (क्रुसापाशी) लदीन, म्हणजे सगळ्यांनी मिळून गाऊन म्हणायची प्रार्थना, होती तेव्हा. आंटींच्या आग्रहावरून गेले होते. लदीन झाली आणि शेवटी सगळ्यांनी प्रभूची प्रार्थना म्हटली. चाल अनोळखी, पण ओळी माझ्याच. मी मनात मराठी जुळवत होते, आणि तिसऱ्या ओळीला थांबले: "तुजी खुशी सर्गार जाता तशी संवसारांत जांव." लहानपणापासून मी म्हणत आले होते, "जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो." म्हणजे कोंकणीत खुशी हीच इच्छा. नंतर वाटलं, आपल्या मराठीतही आहे की. "तुमची खुशी," म्हणतो आपण. जुन्या दस्तऐवजात "राजीखुशीने लिहून देतो" असतं. हाच शब्द माझ्याही भाषेत होता, मी फक्त त्याचं एक टोक धरून बसले होते.

गोव्यात हे दोन्ही भाषांचं पाणी फार जुनं मिसळलेलं आहे. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक संघाचा सदस्य, 1579 मध्ये गोव्यात आला. त्याने ख्रिस्ताची सगळी कथा मराठी ओव्यांमध्ये रचली आणि ती 1616 साली साष्टीतल्या रायतूरला छापली गेली. आमच्या नगरला मराठी उपासना सुरू झाल्या त्याच्या दोनशे वर्षं आधी. हे कळल्यावर मला इथे परकं वाटेनासं झालं. खुशी हा शब्द मात्र तेव्हापासून मनात रुतून बसला आहे. देवाची इच्छा ओळखायची कशी, हा प्रश्न मी आयुष्यभर मराठीत विचारत होते. त्याचा एक कोपरा मला कोंकणीने दाखवला.

आमच्या मंडळीत हा प्रश्न रोजचा. नोकरी घेऊ का, मुलीला कुठे द्यायची, प्लॉट घ्यायचा की नाही, सगळ्याला एकच वाक्य: "प्रभूची इच्छा काय आहे, ते पाहू." मला ते वाक्य मनापासून आवडतं. माणूस निदान थांबतो. पण त्याच्यामागून दुसरं वाक्य येतं, "प्रभूने मला दाखवलं," आणि तिथे मी सावध होते. कारण माझ्या लहानपणी आमच्या गल्लीतल्या एका बाईला क्षय झाला होता. औषध सुरू होतं, अंगावर मांस धरत होतं. तेवढ्यात एका प्रार्थना करणाऱ्या माणसाने तिला सांगितलं, प्रभूने दाखवलंय, तू बरी झालीस, गोळ्या आता अविश्वास आहेत. तिने गोळ्या बंद केल्या. माझे वडील, आबा, रोज संध्याकाळी तिच्या दारात जाऊन उभे राहायचे, खिशात गोळ्यांची पुडी. वाद नाही घालायचे. एवढंच म्हणायचे, "बाई, ह्या पण त्यानेच दिल्यात." नवव्या की दहाव्या दिवशी तिने पाणी मागवलं.

आबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. तीस वर्षं. डॉक्टरांचं अक्षर म्हणजे मुंग्या शाईत पडून कागदावरून गेल्यासारखं. बाहेरच्या औषधवाल्यांकडे ती चिठ्ठी गेली की परत यायची. आबा मात्र एका नजरेत वाचायचे आणि मिक्श्चरच्या बाटलीला डोसाची कागदी पट्टी चिकटवून मोकळे व्हायचे. मी आठवीत असेन, विचारलं, तुम्हाला हे वाचता कसं येतं? ते म्हणाले, "मी अक्षर नाही वाचत गं. डॉक्टरला वाचतो." डॉक्टर कोणत्या दुखण्याला काय देतात, लहान मुलाला किती, गरोदर बाईला काय कधीच देत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. चिठ्ठीवर असं काही दिसलं की जे हा डॉक्टर लिहिणारच नाही, तर ते अंदाज बांधत नसत. कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक "वि." लिहायचे, म्हणजे विचारणे, आणि जिना चढून वर जायचे. तीस वर्षं काम केलेला माणूस पुन्हा पुन्हा जिना चढायचा. नव्याने लागलेली पोरं चढत नसत, त्यांना कमीपणा वाटायचा.

हे सगळं मी विसरले होते. 2009 च्या जूनमध्ये दादाचा फोन आला, आबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही बरीचशी. आई आधीच गेलेली. दादा पुण्यात, वहिनीची नोकरी, दोन खोल्यांचं घर. आणि त्याच महिन्यात मला हॉस्पिटलने मेट्रनच्या, म्हणजे मुख्य परिचारिकेच्या, जागेसाठी विचारलं होतं. माझी मुलगी दहावीत. मी रोज इतरांच्या वडिलांना कुशीवर वळवत होते, त्यांची पाठ पुसत होते, आणि माझे वडील नगरला एका पगारी माणसाच्या हातात होते. नोकरी सोडून नगरला जाऊ? मेट्रन होऊन पैसे पाठवू? की त्यांना त्यांची गल्ली, त्यांचं देऊळ (आबा चर्चला देऊळच म्हणायचे) सोडायला लावून इथे आणू?

मी खुणा मागायला लागले. सकाळी धक्क्यावर पोचताना फेरी लागलेली असेल तर जायचं, सुटलेली असेल तर राहायचं. डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडायचं आणि बोट ठेवायचं. बोट गणनेतल्या वंशांच्या यादीवर पडायचं, पुन्हा उघडायचं. मनात शास्त्रातला गिदोन होता. त्याने नाही का खळ्यात लोकर ठेवून देवाकडे दव मागितलं? ती गोष्ट मी शब्बाथ शाळेत किती वेळा सांगितली असेल. पण त्या दिवसांत नीट वाचली तेव्हा जाणवलं, लोकर ठेवण्याआधीच देवाने गिदोनाला काय करायचं ते स्पष्ट सांगितलेलं होतं. गिदोन स्वतःच म्हणतो, "तू म्हटल्याप्रमाणे." लोकर त्याच्या भीतीपोटी होती. देवाने ती भीती सांभाळून घेतली, दोनदा घेतली, आणि मला त्या देवाबद्दल फार माया वाटते. पण ती मार्ग शोधायची रीत म्हणून कुणी सांगितलेली नाही. प्रेषितांनी यहूदाच्या जागी माणूस निवडताना चिठ्ठ्या टाकल्या. मग पन्नासाव्या दिवशी आत्मा आला, आणि त्यानंतर प्रेषितांच्या कृत्यांत कुणी पुन्हा चिठ्ठ्या टाकत नाही. पुढे यरुशलेमेत मोठा वाद होतो, बोलाचाली होतात, माणसं उठून आपापला अनुभव सांगतात, आणि शेवटी पत्रात लिहितात की पवित्र आत्म्याला व आम्हांला हे योग्य वाटले. "व आम्हांला." हे दोन शब्द मी खाली रेघ मारून ठेवले आहेत. देवाची इच्छा आपल्याला वगळून होत नाही, असं मला त्यातून कळतं.

हे मी एकटीने शोधलं नाही. हॉस्पिटलात एक म्हातारे जेझुइट फादर रुग्णांना भेटायला यायचे. एके दिवशी रात्रपाळी संपताना माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. मी कॅथलिक नाही हे त्यांना माहीत होतं. उपदेश न करता त्यांनी मला त्यांच्या संघाच्या संस्थापकाची गोष्ट सांगितली. 1521 साली पांप्लोनाच्या किल्ल्यावर तोफेच्या गोळ्याने इग्नेशियसचा पाय मोडला. महिनोन्‌महिने बिछान्यावर. शौर्याच्या, प्रेमाच्या कादंबऱ्या मागितल्या, पण घरात होतं ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या कथा. मग कधी तो एका थोर घरच्या स्त्रीसाठी पराक्रम करण्याची स्वप्नं बघायचा, कधी संतांसारखं जगण्याची. दोन्ही स्वप्नं बघताना सारखीच गोड लागत. फरक नंतर पडायचा. पहिलं संपलं की मन कोरडं व्हायचं. दुसरं संपल्यावरही आत काहीतरी निवांत उरायचं. त्या "नंतर"कडे त्याने लक्ष दिलं, एवढंच.

मग फादर म्हणाले, "घरी जा, झोप काढा. मन काळं झालेलं असताना आधी केलेला निश्चय बदलायचा नाही, हा आमच्यातला नियम आहे. आणि मग वहीत लिहा." इग्नेशियसच्या साधनेच्या पोथीत, जी पोपने 1548 मध्ये मान्य केली, हे सगळं पायरीपायरीने आहे: घेतलं तर काय फायदा, काय तोटा, सोडलं तर काय फायदा, काय तोटा. कधी न पाहिलेला एखादा माणूस हाच प्रश्न घेऊन आला तर त्याला काय सांगाल. मरणाच्या बिछान्यावर आज काय ठरवलेलं असावं असं वाटेल.

मी मुलीच्या शंभरपानी वहीत लिहिलं. लिहिल्यावर जे दिसलं ते बोलून दाखवायला मला अजून जड जातं. नगरला जाण्याच्या बाजूला मी पाच कारणं लिहिली होती, त्यातली तीन "लोक काय म्हणतील" याच कारणाचे वेगवेगळे पोशाख होते. मेट्रन होण्याच्या बाजूला लिहिलेलं "जास्त रुग्णांची सेवा" हे खरं होतं, पण ते वाचून फेरीत बसले की रायबंदर येईपर्यंत छाती आवळून यायची. आणि आबांना इथे आणायचा विचार, ज्याच्या तोट्यांची यादी सगळ्यात लांब होती, तो मनात आला की मी पाण्याकडे बघत राहायची. खारफुटीत बगळे बसलेले असायचे. मला आठवायचं की आबांनी अशी भरलेली नदी कधी पाहिलेली नाही.

तरी मी ठरवलं नाही. ही खुशी देवाची की माझी? आणि त्याच आठवड्यात कधीतरी, वॉर्डात एका डॉक्टरांची चिठ्ठी लागेना म्हणून मी फोन उचलला, आणि आबांची ती पेन्सिल आठवली. वि. मी देवाला विचारत होते, पाळकांना, फादरांना, दादाला, यजमानांना. आबांना कुणीच विचारलं नव्हतं. बोलता येत नाही म्हणून सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की ते नगर सोडणार नाहीत.

मी नगरला गेले. त्यांच्या खाटेपाशी बसून सगळं सांगितलं, मेट्रनच्या जागेसकट. त्यांचे डोळे माझ्यावर होते. मग त्यांनी डाव्या हाताने कागद मागितला. आयुष्यात डाव्या हाताने न लिहिलेला माणूस. पेन्सिल मुठीत धरून बराच वेळ काहीतरी ओढत राहिले. कागद मी सरळ धरला, उलटा धरला. दादाने बघितला, म्हणाला, नुसत्या रेघोट्या आहेत. मी तो खिडकीपाशी नेला आणि पाहता पाहता मला ते दिसलं. अक्षरं लागली नव्हती, मी आबांना वाचलं होतं. लिहिलं होतं: नदी दिसते का?

मी म्हटलं, "हो आबा. दारातून दिसते." त्यांच्या तोंडाची जी बाजू चालत होती, ती हसली.

मेट्रनची जागा मी नाकारली. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दिवसपाळी मागून घेतली, हॉस्पिटलने दिली. ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरल्यावर आबांना गाडीने आणलं. ते चोडणला सोळा महिने होते. सकाळी पदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजला की ते मान वळवायचे. संध्याकाळी आंटी आपलं तेर्स, म्हणजे रोजरीची प्रार्थना, आटोपून आमच्याकडे यायच्या, आम्ही शास्त्रातला भाग वाचायचो, शेवटी प्रभूची प्रार्थना. आंटी कोंकणीत म्हणायच्या, आम्ही मराठीत, आबा जे शब्द निघतील त्यात. "इच्छा" त्यांना जमत नसे, ते जोडाक्षर जिभेवर यायचंच नाही. काही दिवसांनी ते आंटींच्या मागोमाग "खुशी" म्हणायला लागले.

आपण नीट ओळखलं का, हे मला आजही सिद्ध करता येणार नाही. 2011 च्या फेब्रुवारीत आबा गेले, रात्रभर शववाहिकेतून त्यांना नगरला नेलं आणि आईशेजारी ठेवलं. दफनभूमीतून परतताना दादा म्हणाला, "शेवटी त्यांना त्यांचं घर मिळालं नाहीच." तो चुकीचं बोलत होता असं मला म्हणवत नाही. त्याचं दुःखही खरं आहे. निर्णय देवाच्या मनासारखा होता म्हणून कुणाला इजा होत नाही, असं मी कुठल्याही वचनात वाचलेलं नाही. गेथशेमाने बागेत तर ज्याची इच्छा बापाच्या इच्छेशी सगळ्यात जवळची होती, त्याचाच घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडला.

2024 च्या नोव्हेंबरात इग्नेशियसचा सोबती, संत फ्रान्सिस झेवियर, याच्या शवाचं दर्शन सुरू झालं, दर दहा वर्षांनी असतं ते. आंटी आता पंचाऐंशीच्या पुढे आहेत, त्यांना घेऊन मी ओल्ड गोव्याला गेले. शवापुढे प्रार्थना करणं माझ्या रीतीत बसत नाही. मी त्यांचा हात धरून सोबत चालले. से कॅथेड्रलमधल्या त्या लांबलचक रांगेत मी या माणसाचा विचार करत होते. हा इथे यायचाच नव्हता. 1540 साली भारतात पाठवायला नेमलेला बोबादिल्या नावाचा दुसरा सोबती तापाने पडला, म्हणून इग्नेशियसने ऐनवेळी झेवियरला सांगितलं आणि तो एक-दोन दिवसांत रोमहून निघाला. पुढच्या वर्षी लिस्बनहून जहाज सुटलं, 6 मे 1542 ला तो गोव्यात उतरला. त्याला कसलाही आवाज ऐकू आला नव्हता. दुसऱ्याचा ताप आणि वडीलधाऱ्याची विनंती, यातून त्याने देवाची इच्छा वाचली. याचं मला नेहमी बळ येतं. आणि शेवटी तो चीनला जायचं म्हणून निघाला, पण 1552 च्या डिसेंबरात किनाऱ्यालगतच्या एका बेटावर बोटीची वाट बघत मेला. वाट बघणंही त्याच्या वाट्याला आलं.

पण याच माणसाने 1546 मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यासाठी इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याबद्दल चौकशी करून शिक्षा देणारं न्यायालय, मागितलं. तो गेल्यावर, 1560 मध्ये, ते आलं आणि मधला थोडा खंड सोडला तर 1812 पर्यंत राहिलं. किती हिंदूंची, किती नवख्रिस्ती कुटुंबांची घरं त्यात उद्ध्वस्त झाली, हे गोव्यात राहणाऱ्या कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. माझ्या शेजारच्या हिंदू घरात ते आठवणीत आहे, आंटींच्या घरातही आहे. देवाच्या हाकेला इतक्या सरळपणे उठून निघणारा माणूस त्या पत्राच्या वेळी जिना चढला नाही, असं मला वाटतं. हा डॉक्टर हे औषध लिहिणार नाही, असा संशय त्याला यायला हवा होता. मी त्याच्या पासंगालाही पुरणार नाही हे जाणून सांगते, पण सांगते. रांग पुढे सरकली तेव्हा आंटी डोळे मिटून पुटपुटत होत्या. मी मीखा संदेष्ट्याचं वचन म्हटलं: न्यायाने वागणे, आवडीने दया करणे, आपल्या देवासमोर नम्रतेने चालणे. ज्या चिठ्ठीत या तिन्हीतलं एकही औषध नाही, ती त्याच्या हातची नाही, एवढं तरी मला वाचता येतं.

येताना फेरीत आंटी म्हणाल्या, त्यांचा पोर्तुगालला गेलेला मुलगा त्यांना तिकडे बोलावतोय, घर विकू म्हणतोय. आमच्याकडेही असंच आहे. मुलगी पुण्यात स्थिरावली, यजमानांचे गुडघे गेलेत, ती म्हणते पुण्याला या. मी महिनाभर नुसतीच पाण्याकडे बघते आहे. मन काळं नाही, पण निवांतही नाही. आबांची एक जुनी चिठ्ठी माझ्या शास्त्रात ठेवलेली आहे, मीखाच्या पानात, पेन्सिल पुसट झालेली. काल रात्री डायरीत लिहिलं, "चोडणचं घर." पुढे काहीच सुचेना. मग शिसपेन्सिल शोधली आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं, वि.